घरात पिस्तूल, ९ वर्षांचा मुलगा आणि ४ वर्षांची मुलगी: ठेवायचं कुठे आणि कसं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या उपनगरात घर, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. ओळखीतल्या दोन भारतीय घरांत सोन्यासाठी चोरी झाल्यावर तुमच्या मिस्टरांनी ९ एमएमचं पिस्तूल घेतलं. ते सध्या क्लोजेटच्या सगळ्यात वरच्या फळीवर, बुटांच्या खोक्यात, मॅगझिन (गोळ्या भरायचा सुटा होणारा डबा) लावून ठेवलेलं आहे. कुलपात ठेवलं तर ऐन वेळी हाताशी येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात पुढच्या महिन्यात सासूसासरे सहा महिन्यांसाठी येतायत.

तुम्ही जागा विचारताय, पण अडचण जागेची नाही. मिस्टरांना पिस्तूल काही सेकंदांत हातात हवंय आणि तुम्हाला ते मुलांच्या हाती कधीच पडायला नकोय. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्ही एकदम पुऱ्या होऊ शकतात. बुटांच्या खोक्यातून मात्र एकही होत नाही. अंधारात, झोपेतून उठून, क्लोजेटचं दार उघडून, टाचा उंचावून खोकं काढायला जितका वेळ लागतो, त्याहून पलंगाशेजारची बटणांची पेटी लवकर उघडते.

नवीन बंदूकमालकांना सुरक्षिततेचे धडे देताना मी पहिल्याच तासाला सांगतो तो नियम इथेही लागू आहे. पिस्तुलाच्या जागा दोनच: सज्ञान माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात, म्हणजे अंगावर, किंवा कुलपात. उशीखाली, गादीखाली, पर्समध्ये, गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, उंच फळीवर या सगळ्या तिसऱ्या जागा झाल्या आणि मुलांचे अपघात तिथेच होतात.

पेटी यायला दोन-चार दिवस लागतील, म्हणून आज रात्रीचं काम आधी सांगतो. मुलं वेगळ्या मजल्यावर किंवा बाहेर गेलेली असताना मिस्टरांनी पिस्तूल रिकामं करावं. नळी बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे किंवा तळमजल्याच्या काँक्रीटच्या स्लॅबकडे. आतल्या भिंतींचा भरवसा धरू नका. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या, अशा भिंती ९ एमएमची गोळी एकामागून एक पार करते. बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) दोन-तीनदा जोरात मागे ओढायची, मग मागे अडकवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर घोटाळा होतो: स्लाइड आधी ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली पुढची आत शिरते. नंतर मॅगझिन काढून माणूस निर्धास्त होतो आणि आत एक गोळी तशीच असते. मॅगझिन काढलं तरी बहुतेक पिस्तुलं ती गोळी झाडतात. आणखी एक: साफ करण्यासाठी पिस्तूल सुटं करताना काही मॉडेल्समध्ये ट्रिगर ओढावाच लागतो. कितीतरी गोळ्या त्या क्षणी सुटतात, म्हणून प्रत्येक वेळी करंगळीची तपासणी.

पिस्तूल विकताना दुकानदाराने कुलूप देणं इथल्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे पिस्तुलाच्या मूळ खोक्यात बहुधा केबलचं कुलूप असेल. स्लाइड मागे अडकवलेली असताना केबल वरच्या खिडकीतून घालून खाली मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढा आणि कुलूप लावा. आता स्लाइड पुढे जाऊ शकत नाही आणि मॅगझिनही बसत नाही. ट्रिगरवर बसणारं वेगळं कुलूप असेल तर ते भरलेल्या पिस्तुलावर कधीही लावू नका. बसवताना किंवा काढताना त्याचा दांडाच ट्रिगर दाबू शकतो. गोळ्या आज वेगळ्या, कुलूपबंद बॅगेत. दोन्हींच्या चाव्या मिस्टरांच्या रोजच्या जुडग्यात, आणि ते जुडगं दाराजवळच्या हुकला नाही.

आता उंच फळी का चालत नाही ते. "मुलांना ठाऊकच नाही" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. अलाबामाच्या ग्रामीण भागात पालक आणि मुलं या दोघांना स्वतंत्रपणे विचारून एक पाहणी झाली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. बंदूक कुठे ठेवली आहे हे मुलांना माहीत नाही असं ज्या पालकांनी सांगितलं, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांचं म्हणणं त्यांच्याच मुलांनी खोडून काढलं. २००१ साली बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात आलेला प्रयोग तर प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचे दोन-तीन जणांचे २९ गट एका खोलीत थोडा वेळ सोडले. ड्रॉवरमध्ये निकामी केलेलं खरं पिस्तूल होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं, १० गटांत कोणीतरी ट्रिगर ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. तुमचा मुलगा याच वयोगटात आहे.

मुलगी ४ वर्षांची, तिला ट्रिगर ओढता येणार नाही, असंही समजू नका. बऱ्याच आधुनिक पिस्तुलांचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास जोर दिला की सुटतो आणि त्यांना बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. लहान मूल एका बोटाने दाबत नाही. पिस्तूल उलटं, स्वतःकडे धरतं आणि दोन्ही हातांचे अंगठे ट्रिगरवर ठेवून ढकलतं. म्हणून लहानग्यांना चेहऱ्यावर किंवा छातीत गोळी लागते.

पेटी निवडणं हा या उत्तराचा गाभा आहे, तिथे जरा थांबू. तुम्हाला हवी ती पलंगाशेजारी बसणारी, एका पिस्तुलाची, पटकन उघडणारी स्टीलची पेटी. पत्रा १४ किंवा १६ गेजचा घ्या. आकडा लहान तितका पत्रा जाड, १६ गेज म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. याहून पातळ पेटीचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटतं. कुलपाचे तीन प्रकार मिळतात. पहिला यांत्रिक, चार-पाच बटणं ठरावीक क्रमाने दाबायचा. बॅटरी नाही, अंधारात बोटांना सवय होते, वर्षानुवर्षं बिघडत नाही. तुमच्या घरासाठी माझी शिफारस हीच. दुसरा बॅटरीवरचा कीपॅड, तोही ठीक. तिसरा बोटाच्या ठशाचा. तो दुकानात सगळ्यात आकर्षक दिसतो आणि त्याबद्दल मी सगळ्यात जास्त सावध करतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ठशावर उघडणाऱ्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या. दोष असा होता की मालकाने ठसा नोंदवलाय असं त्याला वाटत असलं तरी पेटी मूळच्याच स्थितीत राहायची आणि त्या स्थितीत ती कोणत्याही बोटाने उघडायची. १२ वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूचा आरोप त्या प्रकरणात आहे. त्यामुळे ठशाचीच पेटी घ्यायची असेल तर ती रिकामी ठेवून मुलं सोडून घरातल्या प्रत्येकाची दहाही बोटं लावून बघा, शेजारच्या मोठ्या माणसांचीही. मग उलट बाजू तपासा: तुमचं स्वतःचं बोट ओलं असताना, कणीक मळल्यावर, हिवाळ्यात कातडी कोरडी पडल्यावर उघडते का? दहापैकी दोन वेळा जरी नकार दिला तरी ती पेटी परत करा, कारण नकाराला कंटाळून माणूस झाकण उघडंच ठेवू लागतो.

कोणतीही पेटी आली की पिस्तूल ठेवण्याआधी तिच्याशी थोडी झटापट करा. रिकामी पेटी बंद करून गालिच्यावर वीतभर उंचीवरून आपटा, हाताच्या बुक्कीने वरून ठोका, हँडल ओढत जोरात हलवा. स्वस्त पेट्यांत कुलपाची खीळ एका छोट्या विद्युतचुंबकाने धरलेली असते. धक्का बसला की ती क्षणभर उडते आणि दार उघडतं. मग पेटीच्या मागची आणि तळाची भोकं बघा. कोड बदलण्याचं बटण आतल्या बाजूला असतं, आणि काही पेट्यांत न वापरलेल्या बोल्टच्या भोकातून सरळ केलेली पेपरक्लिप घातली की ते दाबलं जातं. ९ वर्षांच्या मुलाला एवढी युक्ती सुचते. मोकळी भोकं बोल्ट आणि वॉशरने बुजवा. या परीक्षेत नापास झालेली पेटी पैसे परत घेऊन बदला, भावावर जाऊ नका. महाग पेट्यांतही हे दोष सापडतात.

पेटी पक्की बसवणं तितकंच गरजेचं. सुटी पेटी चोर तशीच उचलून नेतो आणि गॅरेजमध्ये फोडतो. तिच्यासोबत येणारी केबल बोल्ट कटरने तुटते, प्रवासापुरती ठीक. घरात पेटी पलंगाच्या लाकडी चौकटीला किंवा भिंतीतल्या लाकडी स्टडला (उभ्या खांबाला) लॅग बोल्टने, म्हणजे लाकडात शिरणाऱ्या जाड स्क्रूने, आतून बसवा. स्टड बहुधा १६-१६ इंचांवर असतात. नाइटस्टँडला बसवणार असाल तर नाइटस्टँड भिंतीला बांधलेला हवा.

कोड हा दुसरा कच्चा दुवा. कारखान्याचा मूळ कोड पहिल्या दिवशी बदला. वाढदिवस, घर क्रमांक, फोनचा पासकोड नको. मुलाला तुमच्या फोनचा पासकोड ठाऊक आहे हे गृहीत धरा. मुलांसमोर पेटी उघडू नका, ती तुमच्या बोटांकडे बघत असतात. कीपॅडवर रोज तीच चार बटणं दाबल्याने ती झिजतात किंवा चकाकतात, तेव्हा अधूनमधून सगळीच पुसा आणि वर्षातून दोनदा कोड बदला. बॅटरीही त्याच दिवशी बदला. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढेमागे करता तेव्हा लक्षात राहतं. सोबत येणारी जास्तीची चावी मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली तर बाकी सगळं फुकट. ती मोठ्या सेफमध्ये (घरातल्या वेगळ्या तिजोरीत), बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मिस्टरांच्या ऑफिसच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये.

आता भरलेलं की रिकामं, हा वादाचा मुद्दा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: बंदूक रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. घरात बंदूक ठेवायचीच असेल तर मुलांच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही, आणि स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणारा माणूस हे सहसा पाळत नाही, हेही खरं. तुमच्या घरासाठी मी असं सुचवेन. दिवसभर पिस्तूल रिकामं, मोठ्या सेफमध्ये. गोळ्यांचा साठा दुसऱ्या कुलपात. रात्री मुलं झोपल्यावर मिस्टर घरी असतील तर पलंगाशेजारच्या पेटीत, मॅगझिन लावून, चेंबर रिकामं. सकाळी मुलं उठण्याआधी परत मोठ्या सेफमध्ये. मिस्टर दौऱ्यावर असतील आणि तुम्हाला पिस्तूल चालवायचं शिक्षण नसेल, तर त्या रात्री ते मोठ्या सेफमध्येच राहू द्या. रिकामं चेंबर हे मात्र मुलांसाठीचं संरक्षण समजू नका, ९ वर्षांचा मुलगा मांडीत धरून स्लाइड ओढू शकतो. संरक्षण देतं ते कुलूप. आणि ही रोजची ने-आण तुमच्या घरात शिस्तीने होणार नाही असं वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला जसाच्या तसा पाळा. याचा निर्णय तुम्हा दोघांच्या सवयी बघूनच होईल, माझ्या सांगण्यावरून नाही.

मिस्टरांची वेळेची काळजी दूर करायची तर रिकाम्या पिस्तुलाने सराव करा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दिवा बंद, झोपलेल्या स्थितीतून उठून पेटी उघडायची. यांत्रिक बटणांवर थोड्या रात्रींच्या सरावाने चार-पाच सेकंद पुरतात. पण त्याच सरावात दुसरी गोष्ट बसवायची: पेटी उघडण्याआधी घरातलं प्रत्येक माणूस कुठे आहे हे ठाऊक हवं. तुमचे सासरे भारतातून आल्यावर पहिला आठवडाभर जेट लॅगमुळे रात्री ३ वाजता स्वयंपाकघरात चहा करत असतील. मुलगा पाणी प्यायला उठेल. जिन्यात रात्रभर जळणारा दिवा लावा, आवाज आला तर आधी हाक मारा, ९११ ला फोन करा, मुलांच्या खोलीकडे जा. ओळख पटल्याशिवाय पिस्तूल कोणाच्याही दिशेने जाता कामा नये.

सासूसासऱ्यांबद्दल कायद्याची एक बाब आहे आणि ती आपल्या लोकांना बहुधा माहीत नसते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. नोकरीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावाल्यांनाही तेच लागू. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. म्हणून सासऱ्यांना हौसेने पिस्तूल हातात देऊ नका, आणि कोड किंवा चावी तर नाहीच, कारण तो ताबा दिल्यासारखा धरला जाऊ शकतो. त्यांना एवढं जरूर सांगा की घरात पिस्तूल आहे, ते या पेटीत असतं, आणि पेटी उघडी दिसली तर मुलांना खोलीबाहेर नेऊन लगेच फोन करायचा, स्वतः हात लावायचा नाही. "आई, तुम्हाला काळजी वाटेल म्हणून बोललो नाही," असं नंतर सासूबाईंना सांगण्यात अर्थ नाही. दिवसभर मुलं त्यांच्याकडेच असणार.

टेक्सासचा कायदाही बघा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे, आणि चेंबर रिकामं पण मॅगझिन भरलेलं असेल तरी ती भरलेलीच धरली जाते. मुलाने ती झाडून कोणाला गंभीर इजा केली की गुन्ह्याची श्रेणी वाढते. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तर मूल असो वा नसो, ताब्यात नसलेली बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं आहे. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला नियम आधी वाचा.

गणपतीत किंवा हळदीकुंकवाला घर भरतं तेव्हा पाहुण्यांचे कोट आणि पर्स तुमच्याच बेडरूममधल्या पलंगावर पडतात आणि आठ-दहा मुलं वरच्या मजल्यावर धावतात. त्या दिवशी पिस्तूल मोठ्या सेफमध्ये, पलंगाशेजारची पेटी रिकामी आणि बंद, आणि बेडरूमला कुलूप. तुमची मुलं दुसऱ्यांकडे खेळायला जातात तेव्हाही विचारा. ॲलर्जी, कुत्रा, स्विमिंग पूल हे विचारतोच आपण, त्याच ओघात: "तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" सहसा कोणी रागावत नाही. रागावलंच तर मुलांना तुमच्याकडे खेळायला बोलवा.

मुलांना काय शिकवायचं तेही सांगतो: दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून नीघ, मोठ्यांना सांग. महिन्यातून एकदा घोकून घ्या. पण वरचा प्रयोग आठवा. शिकवणं कुलपाच्या जोडीला असावं, त्याच्या जागी नाही.

तुमचा मुलगा चार वर्षांत तेरा वर्षांचा होईल. तेव्हा धोका बदलतो. अपघातापेक्षा निराशेच्या एखाद्या रात्रीची भीती मोठी असते. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न जवळजवळ नऊ-दशांश वेळा जीव घेतो आणि किशोरांच्या बाबतीत ती बंदूक बहुधा घरातलीच असते. मुलगा समजूतदार आहे, म्हणून त्याला कोड सांगून ठेवू, असं करू नका. तो गप्प राहू लागला, झोप बिघडली, शाळेत काही बिनसलं असं दिसलं तर पिस्तूल काही महिने घराबाहेर ठेवा. काही दुकानं आणि शूटिंग रेंज ती सोय देतात. ९८८ हा मदतीचा फोन चोवीस तास चालू असतो.

मिस्टरांशी बोलताना हेही मांडा: चोर सोन्यासाठी आले होते, आणि अशा चोऱ्या बहुधा घरात कोणी नसताना होतात. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं आणि दाराच्या चौकटीवरच्या स्ट्राइक प्लेटचे (कुलपाची खीळ शिरते त्या पट्टीचे) आखूड स्क्रू काढून ३ इंची स्क्रू स्टडपर्यंत बसवले, तर लाथेने दार उघडणं फार अवघड होतं. हे काम एका दुपारचं आहे आणि पिस्तूल ठेवायचं की नाही याचा निर्णय त्यानंतर शांतपणे घेता येतो.

शेवटी गोळ्यांचं. रेंजवर नेण्याची बॅग वेगळी आणि कायमची त्याच कामाची ठेवा. तीच बॅग मुलाच्या पोहण्याच्या क्लासला किंवा सासूसासऱ्यांना परतीच्या सामानासाठी देऊ नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसतं, आणि भारतात परवान्याशिवाय काडतूस सापडणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ते नकळत राहून गेलं हे सिद्ध झालं तर कोर्टात सुटका होऊ शकते, पण तोवर अटक, जामीन आणि वकील हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतं. रेंजवरून आल्यावर बॅग उलटी करून प्रत्येक खिसा चाचपा आणि गोळ्या मोजून कुलपात ठेवा.